न पाहिलेला कारवाँ

गेल्या पावसाळ्यात माझा मेहुणा १४ वर्षं कुवेतमध्ये काढून कायमचा सोपाऱ्याला परतला. येताना त्याने सोबत बऱ्यापैकी शिल्लक आणली आणि एक वेडही आणलं. कुवेतमध्ये थंडी पडायला लागली की माणसं शहर सोडून वाळवंटात तंबू ठोकतात, गाडीमागे चाकांवरची घरं ओढत नेतात आणि उन्हं तापेपर्यंत तिथेच रमतात. ही घरं त्याने इतकी वर्षं दुरून पाहिली होती. आता त्याला तसंच एक हवं होतं. गाडीला जोडायचं, चौघांना झोपायची सोय, छोटा ओटा, मोरी, संडास. इंटरनेटवर त्याला परराज्यातल्या एका विक्रेत्याचं दुकान सापडलं. नवा कोरा ट्रेलर, किंमत ९ लाख, निम्मे पैसे आगाऊ, ४५ दिवसांत घरपोच.

हा नुसता शौक असता तर मी मध्ये पडलो नसतो. पण त्याच्या मनात त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई होत्या. गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. प्रवासात वजूला पाणी आणि बसायचा संडास नसेल तर त्या दिवसभर काही पीतच नाहीत. शिवाय त्याआधीच्या वर्षी तळकोकणात घडलेली एक गोष्ट होती. फोनवर ठरलेली खोली आधारकार्ड पाहिल्यावर ‘पाण्याची लाइन बंद आहे’ म्हणून मिळाली नाही. कुणी वाकडं बोललं नाही. शेजारच्या खोलीत मात्र नळ चालू होता, तो आवाज सासूबाईंनी ऐकला. मेहुणा म्हणाला, “दुलाभाई, आपलं घर आपल्याबरोबर असलं की कुणाला नाव सांगायला नको.”

मास्तर म्हणजे सगळे कागद कळणारा माणूस, असा माझ्या सासरी समज आहे. म्हणून विक्रेत्याने पाठवलेले कागद वाचायला माझ्याकडे विरारला आले. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्यांमधलं मला काही कळत नाही. माझी नजर पहिल्याच ओळीतल्या ‘कॅरॅव्हॅन’ या शब्दावर अडकली.

हा शब्द आपलाच आहे, फार लांब फिरून आला म्हणून ओळखू येत नाही इतकंच. फारसीतला ‘कारवान’, उर्दूतला ‘कारवाँ’. फारसीतून तो युरोपच्या भाषांत गेला, इंग्रजीत ‘कॅरॅव्हॅन’ झाला, आणि पुढे त्याची शेपटी तोडून ‘व्हॅन’ हा शब्द निघाला. आज शाळेची मुलं ज्या व्हॅनमधून येतात ती म्हणजे कारवाँचा तुकडा. हैदराबादेत कारवान नावाचा मोहल्लाच आहे. गोवळकोंड्याकडे येणारे व्यापारी तिथे उतरत. पण या सगळ्या प्रवासात अर्थ मात्र पार उलटला. कारवाँ म्हणजे वाहन कधीच नव्हतं. कारवाँ म्हणजे माणसं. एकमेकांच्या ओळखीवर, एका म्होरक्याच्या शब्दावर सोबत निघालेला जमाव. एकट्याने जाणं धोक्याचं, म्हणून कारवाँ. आता कॅरॅव्हॅन म्हणजे एकट्याने, कुणाचंही तोंड न पाहता जाता यावं म्हणून विकत घ्यायची पेटी. मेहुण्याचा हेतू मला समजत होता, तरी ही उलटापालट डोक्यातून जाईना.

मी मूळचा जुन्नरचा. विरारहून जुन्नरला जाताना भिवंडी, कल्याण, मुरबाड करत आम्ही माळशेज घाट चढतो. बस जिथून जाते तिच्या उत्तरेला नव्हे, दक्षिणेला, डोंगराच्या पलीकडच्या खांद्यावर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यातले आकडे अंकांत कोरलेले आहेत. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. म्हणजे माझं माहेर आणि सासर (पुरुषाला माहेर नसतं म्हणतात, पण असो) एकाच तांड्याच्या वाटेची दोन टोकं आहेत. अरब भूगोलकारांनी ज्याला ‘सुबारा’ म्हटलं ते सोपारा दहाव्या शतकातही त्यांच्या यादीत आहे. तिथे उतरणारा व्यापारी पैठणचं कापड किंवा घाटावरचा माल डोळ्यांनी पाहायला स्वतः वर चढत नसे. न पाहता सौदे तेव्हाही होत होते. ते कसे निभत, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण आधी चाकांवरच्या घराबद्दल.

मेहुण्याला वाटत होतं की ही कल्पना गोऱ्यांची. मी त्याला ‘आईन-ए-अकबरी’ काढून दाखवली. अकबराच्या काळातल्या नव्या युक्त्यांबद्दल लिहिताना अबुल फज़ल एका मोठ्या गाड्याचं वर्णन करतो. तो एक हत्ती ओढी, आणि त्यात अनेक न्हाणीघरं मावत; म्हणजे फिरता हमाम. बैलही तो सहज ओढू शकत, असं तो पुढे जोडतो. सोळाव्या शतकातला, मोरीची सोय असलेला ट्रेलर. तिथेच दुसऱ्या एका गाड्याचा उल्लेख आहे, जो प्रवासात चालता चालता धान्य दळी. अबुल फज़ल श्रेय बादशहाला देतो. दरबारी लेखकाने दुसरं काय करावं. पण त्याच दरबारातल्या निज़ामुद्दीन अहमदने दळणाच्या गाड्याचं श्रेय शाह फ़तहुल्लाह शिराज़ी यांना दिलं आहे. हे शिराज़ी आधी आपल्या दख्खनमध्ये होते. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाने त्यांना इराणहून बोलावून घेतलं होतं. १५८३ मध्ये ते अकबराकडे गेले. चाकांवर घरकाम बसवणाऱ्या या माणसाची काही वर्षं कृष्णेच्या खोऱ्यात गेली, हे मला उगाचच सुखावून जातं.

बादशाही मुक्काम हलवणं ही लहान गोष्ट नव्हती. अबुल फज़लच्या हिशेबाने एका छावणीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. पुढे औरंगजेबाच्या काळात बर्निये लिहितो की तंबूंचे दोन संच असत. बादशहा एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा होई. याला ‘पेशखाना’ म्हणत. इंग्रज कलेक्टरांनी हिवाळी दौऱ्यात हीच पद्धत चालवली, फक्त हत्तींच्या जागी बैलगाड्या आल्या.

पण फिरतं घर खऱ्या अर्थाने जगले ते बंजारे. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रजाला वाटेत भेटलेल्या एका तांड्यात १४,००० बैल होते. तावेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. बायका, मुलं, कुत्री, चूल, देव, सगळं सोबत. दख्खनच्या लढायांत कुठल्याही फौजेचं पोट या लोकांवर चाले. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीला धान्य पुरवणारे हेच. मग रेल्वे आली आणि बैलाच्या पाठीवरचा धंदा बसला. १८७१ च्या कायद्याने सरकारला आख्ख्या जमातींना ‘गुन्हेगार’ ठरवायची मुभा मिळाली, आणि पुढे कित्येक ठिकाणी बंजाऱ्यांचं नाव त्या यादीत चढलं. कारण काय, तर यांचा एका जागी पत्ता नाही. तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे.

आता गंमत पाहा. ज्या दशकांत इथे फिरस्त्यांवर पोलिसांची हजेरी लागत होती, त्याच काळात इंग्लंडमध्ये ‘मौजेसाठी फिरतं घर’ जन्माला आलं. गॉर्डन स्टेबल्स नावाचा आरमारातला निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. त्याने तिथल्या रोमानी लोकांच्या घरगाड्या पाहिल्या आणि १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून स्वतःसाठी ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे, आणि वाटेतल्यांना सावध करायला पुढे तीनचाकी सायकलवर एक नोकर. पेशखानाच म्हणायचा, गरिबाघरचा. ज्यांच्या गाड्या पाहून त्याला हे सुचलं त्या रोमानींची भाषा मूळ आपल्याच मुलखातली, हिंदी-मराठीची चुलत बहीण. त्यांना युरोपभर हुसकावलं जात होतं; डॉक्टरसाहेबांना मात्र लोक कौतुकाने थांबून पाहत. घर तेच, चाकं तीच. आत बसलेल्याचं नाव बदललं की रस्ता वेगळा वागतो.

स्टेबल्सने गाडी बांधून घेतली होती, हे इथे लक्षात ठेवावं. तयार ट्रेलर दुकानात विकण्याची रीत मोटारी आल्यानंतरची. अमेरिकेत वॉली बायम हा मासिकांच्या धंद्यातला माणूस. ट्रेलर घरी कसा बांधावा याचा लेख त्याने छापला, आणि वाचकांच्या तक्रारी आल्या की या नकाशावरून ट्रेलर नीट उभा राहत नाही. त्याने स्वतः बांधून पाहिलं, तेव्हा तक्रारी खऱ्या निघाल्या. मग त्याने नकाशा सुधारला, टपालाने विकला, आणि पुढे १९३६ मध्ये त्याच्या कंपनीचा चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ बाजारात आला. कागदावर सुबक दिसणारं घर रस्त्यावर कसं निघेल, हे कागद पाहून कळत नाही, हा धडा या धंद्याला अगदी पहिल्या दिवसापासून मिळालेला आहे.

आपल्या सरकारला कारवाँची आठवण २०२१ मध्ये झाली. त्या वर्षी महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनेही. आपल्या धोरणात एका आसाची, दोन आसांची, घडीची कॅरॅव्हॅन, तंबूचा ट्रेलर, कॅम्पर ट्रेलर अशी प्रकारांची यादी आहे. पार्क उभारणाऱ्यांना सवलती आहेत. एकेकाळी गुन्हा असलेली गोष्ट धोरण झाली. तांड्यावर वाढलेल्या कुणाचा सल्ला घेतला असता तर पाण्याची सोय कुठे असावी हे त्याने नेमकं सांगितलं असतं, असं आपलं मला वाटतं.

तर मेहुण्याचा सौदा. विक्रेत्याने एक करार पाठवला होता. खाली चौकोन होता: ‘मी अटी वाचल्या असून मला मान्य आहेत.’ त्यात बरोबरची खूण केली की साडेचार लाख पाठवायचे. माल पाहायची तरतूद कुठेच नव्हती. मी विचारलं, “न पाहता?” तो म्हणाला, “दुलाभाई, आजकाल सगळं न पाहताच घेतात. चप्पल नाही का घेत?”

न पाहता खरेदी हा प्रश्न फिक्हच्या किताबांना नवा नाही. मी मुफ्ती नाही, पण डीएडच्या आधी दोन वर्षं मदरशात काढली आहेत आणि बाराव्या शतकातल्या मर्ग़िनानींच्या ‘हिदाया’चं उर्दू भाषांतर घरात आहे. याच ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये छापलं आणि कंपनीच्या कोर्टांत ते वापरात होतं. त्यात ‘ख़ियार-ए-रुयत’ नावाचं प्रकरण आहे: पाहिल्यावर निवडीचा हक्क. न पाहिलेला माल घेता येतो, पण पाहिल्यानंतर तो परत करायचा हक्क खरेदीदाराकडे राहतो. माल वर्णनाबरहुकूम असला तरी. त्यात खोट काढायची गरज नाही. ‘पाहिला, नको’ एवढं पुरे. आणि यातली सर्वांत धारदार ओळ ही, की पाहण्याआधीच ‘मी राजी आहे’ असं म्हणून टाकलं तरी हा हक्क बुडत नाही. जे पाहिलंच नाही त्यावर राजी कसं होणार? विक्रेत्याच्या त्या चौकोनातल्या खुणेला मर्ग़िनानींनी आठशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलं होतं.

तिथे एक दाखला दिला आहे. हज़रत उस्मान यांनी बसऱ्याची आपली एक जमीन हज़रत तल्हा यांना विकली. दोघांनीही ती पाहिलेली नव्हती. लोक तल्हांना म्हणाले, तुम्ही फसलात. ते म्हणाले, मी न पाहता घेतली, मला निवडीचा हक्क आहे. लोक उस्मानांना म्हणाले, तुम्ही फसलात. तेही म्हणाले, मी न पाहता विकली, हक्क मला आहे. दोघांनी जुबैर बिन मुतइम यांना पंच नेमलं, आणि त्यांनी निवाडा दिला की हक्क तल्हांचा, म्हणजे घेणाऱ्याचा.

घर ‘पाहिलं’ कधी म्हणायचं यावरही चर्चा आहे. जुन्या इमामांच्या मते अंगण पाहिलं तरी चाले. इमाम ज़ुफ़र म्हणाले, आत खोल्यांत जाऊन पाहिलं पाहिजे. हिदाया सांगते की पूर्वी घरं एकसारखी असत म्हणून बाहेरून भागत होतं; आता घराघरांत फरक पडला, तेव्हा आत गेलंच पाहिजे. आंधळ्याने मालाला हात लावून, हुंगून, चाखून ठरवावं असंही लिहिलं आहे.

आता आमच्या घरातली अडचण. मी हनफ़ी, सासरचे कोकणी आणि म्हणून शाफ़ई. अस्रच्या नमाज़ची वेळ आमच्यात जुळत नाही, सासुरवाडीला मी नेहमी उशिरा पोचलेला ठरतो. शाफ़ईंकडे तर गोष्ट आणखी कडक आहे. इमाम नववींच्या ‘मिन्हाज’मध्ये निर्वाळा असा की डोळ्यांआड असलेल्या ठराविक मालाची विक्रीच सही नाही. बारीक वर्णन करून पुढे देण्याचा ‘सलम’ सौदा चालतो, पण त्यात पूर्ण किंमत बैठकीतच मोजायची. निम्मे आगाऊ आणि निम्मे नंतर, या हिशेबाने मेहुण्याचा सौदा धड विक्रीही नव्हता, धड सलमही नव्हता. तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे मी हनफ़ी झालो तरच ट्रेलर मिळणार?” मी म्हटलं, हनफ़ी झालास तर परत करायचा हक्क मिळेल. तो जिथे राहून आला त्या कुवेतमध्ये १९८० पर्यंत उस्मानी ‘मजल्ला’ हाच दिवाणी कायदा होता, आणि त्यातही पाहिल्यावर निवडीचा हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

ही फक्त किताबी गोष्ट नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या परीने हाच प्रश्न सोडवला होता. ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता: माल सुखरूप पोचला तरच पैसे देय, बुडाला तर हुंडीही बुडाली. आणि १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही. पी. सुरू केली. पोस्टमन पुडकं आणतो, पैसे त्याच्या हातात मोजायचे, मगच पुडकं. माझे आजोबा जुन्नरला बसून लखनऊ-दिल्लीच्या उर्दू किताबा अशाच मागवत. पुडकं फोडून पाहता येत नसे हे खरं, पण मध्ये खाकी कपड्यातला ओळखीचा माणूस उभा असे आणि माल गावात आल्याशिवाय पैसा गावाबाहेर जात नसे. मोबाइलवरच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चा आजा तो हाच. कारवाँचा म्होरक्या, हुंडीवाला, पोस्टमन: दर वेळी कुणीतरी मध्ये जामीन होता. साडेचार लाख परस्पर खात्यात पाठवताना मध्ये कोण आहे, एवढंच मी मेहुण्याला विचारत होतो.

आजचा कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणे आधी न तपासलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरलं जात नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला परत घ्यावा लागतो. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. हे चांगलंच आहे. पण नुसतं ‘पाहिलं, नको’ म्हणायचा हिदायातला हक्क यात नाही. युरोपात दूरवरून केलेल्या खरेदीला १४ दिवसांची मुदत असते. तिथेही खास ऑर्डर देऊन बनवलेल्या वस्तूला ती लागू नाही.

आणि ट्रेलर म्हणजे चप्पल नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याची स्वतःची नोंदणी हवी. त्यासाठी अर्ज नमुना २० मध्ये, विक्रीचा दाखला नमुना २१ मध्ये आणि वाहन रस्त्यालायक असल्याचं निर्मात्याचं प्रमाणपत्र नमुना २२ मध्ये लागतं. शिवाय नमुन्याला मान्यताप्राप्त तपासणी संस्थेची मंजुरी हवी. हे कागद नसतील तर ९ लाखांची वस्तू अंगणातली खोली होऊन बसते, आणि आमच्याकडे सोसायटीत अंगणही नसतं. मेहुण्याने विक्रेत्याला चासी नंबर आणि मंजुरीचा कागद मागितला. उत्तर आलं, “पेमेंटनंतर देऊ.”

एवढं होऊनही तो पैसे पाठवायला निघाला होता. माझ्या किताबा आणि कलमं त्याने मान डोलावून ऐकली, जशी माझी मुलं शेवटच्या तासाला ऐकतात. अडवलं ते सासूबाईंनी.

तो त्यांना मोबाइलवर फोटो दाखवत होता. हिरवळीच्या कडेला उभा पांढरा ट्रेलर, पायरी, उघडं दार, आत पडदे. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल जवळ घेतला आणि विचारलं, “याचं दार या अंगाला कसं?”

“म्हणजे?”

“रिक्षाला उजवीकडे दांडी असते ना? उतरायचं डावीकडून. याचं तोंड तिकडे आहे, मग दार उजवीकडे आलं. मी उतरणार ती रस्त्याच्या मधोमध? मागून ट्रक आला म्हणजे?”

आम्ही दोघंही गप्प. १४ वर्षं मेहुणा उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशात राहिला. त्याच्या डोळ्याला ते दार अगदी बरोबर वाटत होतं. मी तर काही पाहिलंच नव्हतं, कागद वाचत बसलो होतो. आपल्यासारखं डावीकडून चालणाऱ्या देशात अशा गाडीचं दार डाव्या, फुटपाथच्या बाजूला हवं. हा ट्रेलर इथल्या रस्त्यासाठी बांधलेलाच नव्हता. फोटो कुठल्यातरी परक्या देशाचा होता. बाकीचे फोटो मग आम्ही नीट पाहिले. प्रत्येकात दार उजवीकडेच.

विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, फोटो नमुन्यादाखल आहेत, प्रत्यक्ष माल वेगळा असू शकतो. मेहुण्याने विचारलं, “मग प्रत्यक्ष माल दाखवा.” दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला की ऑफर संपत आली आहे. त्याने फसवलंच असतं असं मी म्हणत नाही. कदाचित ४५ दिवसांनी दारात खराखुरा ट्रेलर उभा राहिलाही असता. पण तो पाहून ‘नको’ म्हणायची जागा आमच्या हातात नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे जुन्नरला गेलो, तेव्हा पुढे उतरून एका वर्कशॉपवाल्याला भेटलो. त्याचाही पत्ता इंटरनेटवरच मिळाला होता, पण त्याने पहिल्याच फोनवर “येऊन बघा” म्हटलं. शेडमध्ये एक लोखंडी सांगाडा उभा होता, अर्ध्या भागाला पत्रा लावलेला. त्याने चासी नंबर टॉर्चच्या उजेडात दाखवला, मंजुरीचा कागद फाइलमधून काढून दिला. करार मी मराठीत लिहिला. त्यात एक ओळ घातली: तयार झाल्यावर खरेदीदार प्रत्यक्ष पाहील, आत जाऊन पाहील, आणि पसंत न पडल्यास साहित्याचा खर्च वजा जाता रक्कम परत मिळेल. हे हिदायापेक्षा कमी आणि बाजारापेक्षा जास्त होतं. वर्कशॉपवाल्याने ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, “सर, एवढं कोण लिहितं?” मग सही केली.

सासूबाईंना दोघांनी धरून सांगाड्यात चढवलं. दार डावीकडे होतं. त्यांनी दांड्यांना हात लावून पाहिलं, ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मोरीच्या जागी जाऊन थांबल्या. नळाचा पाइप कमरेच्या उंचीला आलेला होता. “बसून वजू करायचं तर हा फार वर आहे,” त्या म्हणाल्या. “एवढा खाली पाहिजे.” आणि गुडघ्याच्या खाली हात धरून दाखवला.

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि त्या हाताच्या रेषेत पत्र्यावर खूण केली.